जमादारासाठी आणलेला कोंबडा

आमच्या मोटार स्टँडवर तिकिटाची एक खिडकी आहे आणि खिडकीच्या आत मी आहे. मॅट्रिक झालो ते ब्रह्मपुरीला. पुढं शिकायची इच्छा होती, पण ती माझ्या एकट्याची. घरात बाकी कोणाची नव्हती. म्हणून भैयाजींच्या मोटारींची तिकिटं फाडायला बसलो. भैयाजी म्हणजे मालक. दोन मोटारी, एक काळी टोपी आणि पोलिसांशी गोडीगुलाबी एवढ्या भांडवलावर त्यांनी धंदा उभा केलेला. एकदा नागपूरला गेले तेव्हा मोटार कायद्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले आणि माझ्या फळीवर ठेवून म्हणाले, वाचत जा. पुस्तकाचं इंग्रजी बॅरिस्टरच्या मापाचं, माझं मॅट्रिकच्या. तरी ड्रायव्हर लोकांची समजूत अशी, की पुस्तक याच्या डोक्यामागं ठेवलं आहे म्हणजे थोडा थोडा कायदा याच्या डोक्यात झिरपतच असणार.

त्यामुळं मोटार लावली की ते खिडकीला टेकत आणि विचारत. शिपायानं हात दाखवला तर थांबाच लागते काय, का साहेबानंच दाखवावा लागते? लायसन घरी खुंटीवरच्या कोटात राहिलं तर? जमादारानं लायसन काढून घेतलं तर त्यानं चिठ्ठी द्याची असते म्हणतात, पण चिठ्ठी मागितली की तो मारते, मग मारणं कायद्यात हाय का चिठ्ठी? नथ्थू म्हणून आमचा जुना ड्रायव्हर, त्याचे प्रश्न सगळ्यांत खोल. त्यानं एकदा विचारलं, जमादाराजवळ रस्त्यात आपण हो म्हटलं, तर कोर्टात ते हो धरतात का नाई? मी पुस्तक चाळून सांगितलं की हे यात नाही. नथ्थू म्हणाला, मग एवढं जाड काऊन केलं?

लालसू कधी काही विचारत नसे. लालसू गोंड, धानोऱ्याकडच्या जंगलगावचा. लढाई संपल्यावर एका लाकूड ठेकेदारानं लष्कराचा जुना ट्रक विकत घेतला होता, त्यावर लालसू लाकडं चढवायला होता. ट्रक रोज बंद पडे आणि रोज तो ढकलायचा. ढकलता ढकलता त्याला ट्रकाचा स्वभाव कळला, आणि ठेकेदाराच्या सरदारजी ड्रायव्हरला हिवतापानं धरलं तेव्हा लालसू चाकावर बसला तो बसलाच. चांद्याला जाऊन लायसन काढलं. त्याच्या अख्ख्या टापूत दुसऱ्या कोणाजवळ लायसन नव्हतं. ते त्यानं पळसाच्या पानात गुंडाळून, वरून मेणकापड घालून, बंडीच्या आतल्या खिशात ठेवलेलं असे. शिपायानं मागितलं की आधी मेणकापड, मग पान, मग लायसन. तोवर शिपाई कंटाळून म्हणे, जाय बाबा.

भैयाजींनी त्याला धानोऱ्याकडच्या मोटारीवर घेतलं, कारण त्या वाटेवर त्याची बोली चाले आणि पगार कमी चाले.

त्या वाटेवर जंगलात एक वळण आहे. तिथं फार पूर्वी मोहफुलं वेचताना एका बाईला वाघानं नेलं. त्या जागी दगडांचा आणि वाळल्या फांद्यांचा ढीग आहे. जो कोणी जाईल त्यानं एक हिरवी डहाळी मोडून ढिगावर ठेवायची, मग पुढं जायचं. पायी जाणारा ठेवतो, बैलबंडीवाला ठेवतो. लालसू मोटार घेऊन आला म्हणून त्याची यातून सुटका थोडीच? तो वळणावर मोटार उभी करी, उतरे, डहाळी ठेवी. मागून निम्मे उतारू उतरत. कोणी बिडी पेटवी, कोणी झुडपाआड जाई. आमच्या ठाण्याचा जमादारही उतरे. जमादार आठवड्यातून दोनदा त्या मोटारीनं जायचा, पुढच्या सीटवर, तिकिटाशिवाय. पण डहाळी मात्र स्वतःच्या हातानं मोडून ठेवायचा. वाघाजवळ फुकट चालत नाही, हे त्याला माहीत होतं.

एका हिवाळ्यात नवा पोलीस साहेब दौऱ्यावर निघाला. त्याची जीप त्या वळणावर भरधाव आली, तर समोर वाटेच्या मध्ये मोटार उभी आणि ड्रायव्हर झाडावर फांदी मोडत असलेला. जीप खड्ड्यात गेली. साहेबाला लागलं नाही, पण त्याच्या डब्यातली भाजी त्याच्या पँटवर सांडली आणि प्रकरण गंभीर झालं. साहेबानं सोबतच्या जमादाराला फर्मावलं, कर केस. हाच आमचा जमादार. त्यानं लालसूकडं असं पाहिलं जसं आयुष्यात पहिल्यांदा पाहतो आहे, नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि लायसन मागितलं. लालसूनं मेणकापड सोडलं, पान सोडलं, लायसन दिलं. धोक्याच्या जागी मोटार उभी केली, असा गुन्हा.

स्टँडवर सगळ्यांनी त्याला शिकवायला सुरुवात केली. लायसन गेलं तर चाक गेलं, हे उघड होतं. त्या मोटारीशिवाय लालसूला लाकडं चढवणंच उरलं असतं. नथ्थूनं त्याला समोर बसवून पाठ घेतला: साहेब विचारील गुन्हा कबूल? तू म्हणायचं, नाई. मोटार कशी उभी होती? बंद पडली होती. काय बिघडलं होतं? पेट्रोलात कचरा. बस. लालसू ऐकत राहिला. मग उठून माझ्या खिडकीशी आला आणि त्यानं आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला.

"बाबू, कोर्टात जेवण कोन देते?"

मला वाटलं थट्टा करतो आहे. मी म्हटलं, कोर्टात जेवण नसतं, फार तर वकील स्वतःच्या पैशानं चहा पितो. तो म्हणाला, म्हणजे आपल्यालेच न्या लागते. आणि निघून गेला.

त्याच्या गावची रीत मला नंतर कळली. तिथं कोणाकडून काही चुकलं की भूमियासमोर पंच बसतात. भूमिया म्हणजे गावाचा म्होरक्या. चुकणाऱ्यानं सगळं सांगायचं. जे विचारलं तेवढंच नाही, सगळं. विचारलेलं सांगितलं आणि न विचारलेलं पोटात ठेवलं तर ती दुसरी चूक. मग पंच दंड सांगतात, चुकणारा कोंबडा कापतो, आणि पंच, फिर्यादी आणि चुकणारा एका पंगतीत जेवतात. पानं उचलली की गोष्ट मिटली. पुढं कोणी ती उकरली तर उकरणारा चुकला. हे जेवण होईपर्यंत मात्र चुकणारा गावच्या बाकी सगळ्या पंगतींबाहेर. सोपं आहे. आमच्या जाड पुस्तकात एवढं सोपं एकही पान नाही.

तारखेच्या दिवशी तहसिलीच्या गावी कोर्टात गर्दी होती. नथ्थूही आला होता. भैयाजी मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मोटारीचे कागद दाखवायला त्यांना बोलावलं होतं आणि कागद उचलायला त्यांनी मला आणलं होतं. बाहेर लिंबाखाली लालसूची बायको बुधरी बसली होती. तिच्याजवळ भात शिजवायचा एक गंज, फडक्यात तांदूळ आणि पाय बांधलेला तांबडा कोंबडा. तिनं तीन दगड शोधून चूलही मांडून ठेवली होती. मी भैयाजींना म्हटलं, लालसू मुक्कामाच्या तयारीनं आला आहे.

तहसीलदार साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे?

लालसू म्हणाला, हो साहेब.

नथ्थूनं कपाळावर हात मारला. साहेब लिहू लागले. एरवी इथं दोन ओळींत काम संपतं. पण लालसू खाली बसेना. हात जोडून त्यानं पुढं सुरुवात केली. ढिगाजवळ मी रोजच थांबतो, म्हणाला. एकदा नाई, जाताना आणि येताना. धानाच्या दिवसात टपावर पोती असतात आणि पोत्यांवर माणसं असतात. आत किती बसतात ते मोजलं नाई, कारण मोजाले जागा राहत नाई. गेल्या पोळ्याले ब्रेक लागत नव्हता. मालकाले सांगतलं तर मालक म्हणे हळू चालव. हॉर्न फाटला हाय, म्हणून मी ओरडतो. पुढच्या सीटवर जमादार साहेब बसतात, त्याइचं तिकीट घेत नाई, मालकानं नाई म्हणून सांगतलं हाय. एका गावात पोलीस पाटलाची बकरी चाकाखाली आली, ते मी थांबून सांगतलं होतं, पण बकरी उतारूंनी नेली.

साहेब एवढ्या वेगानं लिहीत होते की त्यांची लेखणी करकरत होती. फक्त जमादाराच्या सीटचा मजकूर आला तिथं ती जरा विसावली आणि मग बकरीपासून पुन्हा सुरू झाली. जमादार छताकडं पाहत होता. भैयाजींनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. आणि लालसूचा चेहरा मात्र एकेका गुन्ह्यागणिक हलका होत चालला होता, जसं टपावरचं एकेक पोतं उतरतं आहे.

दंड झाला, वर्षभर लायसन बंद झालं, भैयाजींच्या परमिटावर नोटीस निघाली. साहेब म्हणाले, असे ड्रायव्हर रस्त्यावर असणं म्हणजे जनतेच्या जिवाशी खेळ आहे. जनता मागं उभी होती. लालसूच्याच मोटारीनं आली होती.

तो बाहेर आला तो हसतच. बुधरीला म्हणाला, पेटव. आणि चपराशाला निरोप दिला की साहेबाले आन् जमादार साहेबाले बलावजो, घडीभरात होते. चपराशानं चुलीला लाथ मारली. कोर्टाच्या आवारात जाळ करतो, आणखी एक केस करू काय, म्हणून दटावलं. लालसूनं निमूटपणे दगड उचलले आणि फाटकाबाहेर नेऊन पुन्हा मांडले. एवढ्यात जमादार आला. इकडं तिकडं पाहिलं, वाकून कोंबडा पायांनी उचलला, हातात तोलून पाहिला.

"आता आली तुले अक्कल," तो म्हणाला. "हे आधी केलं असतं तं पेट्रोलात कचरा मीच लिहिला असता."

आणि सायकलच्या हँडलला कोंबडा उलटा टांगून तो घराकडं गेला.

आम्ही निघालो तेव्हा मी लालसूला म्हटलं, चल. तो म्हणाला, जमादार साहेब शिजवाले घेऊन गेले, येतीनच. बुधरीनं भात लावला होता. दिवस कलेपर्यंत दोघं पाच माणसांचा भात राखत फाटकाबाहेर बसले होते, असं दुसऱ्या दिवशी चपराशीच हसून सांगत होता.

वर्षभर लालसूनं दुसऱ्याची बैलबंडी हाकली. गावात पंगत बसली की तो आपणहून बाजूला बसे. भूमियानं म्हटलं होतं म्हणे, सरकारचं प्रकरण सरकारजवळ, तू ये. पण लालसू म्हणाला, सगळं सांगतलं, दंड दिला, पण जेवणं नाई झालं. मिटलं कसं म्हणू? बाजारच्या दिवशी तो एखादवेळी ठाण्यापुढं उभा राहून जमादाराला विचारी, साहेब, कधी बसाचं? जमादाराला वाटे हा कोंबड्याचे पैसे मागतो. तो त्याला हाकलून देई.

मधल्या काळात आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला गेला. पाट्या बदलल्या. जमादार तोच राहिला.

वर्ष सरलं, लालसूला लायसन परत मिळालं. त्यानं ते पुन्हा पानात आणि मेणकापडात गुंडाळलं आणि मालकांकडं फिरू लागला. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, कुठंच त्याला चाक मिळेना. दारू पिणारे ड्रायव्हर मालकांना चालत, झोपणारे चालत, एकाला तर डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, तोही चालत होता. पण लालसूची कीर्ती त्याच्या आधी पोचलेली. कोर्टात उभं केलं की हा टपापासून ब्रेकापर्यंत सगळं सांगतो, असा माणूस मोटारीवर कोण ठेवील? नथ्थू म्हणाला, तुझं लायसन चांगलं हाय रे, तोंड खराब हाय.

भैयाजींनी त्याच्या जागी आपला भाचा बसवला होता. भाच्यानं मोटार दोनदा नाल्यात घातली. दुसऱ्यांदा काढली तेव्हा भैयाजींनी लालसूला बोलावून घेतलं. माझ्या खिडकीपुढंच बोलणं झालं. मोटार तुझी, ते म्हणाले, आज घे. फक्त एकदा मले दिसू दे की तुले नाई म्हणता येते. लालसूला वाटलं आताच म्हणायचं आहे. तो म्हणाला, नाई. भैयाजी म्हणाले, इथं नाई बाबा, कोर्टात.

कोर्टाचा योग लवकर आला. सांज पडल्यावर बंडीला कंदील लावायचा हा नियम. लालसू लाकडं भरून येत होता, कंदिलातलं तेल संपलेलं. फाट्यावर जमादारानं बंडी अडवली आणि विचारलं, दिवा कुठी हाय? लालसूनं सांगितलं, तेल सरलं, दोन कोसांपासून अंधारात येऊन राह्यलो. जमादारानं खूश होऊन लिहून घेतलं. असे गिऱ्हाईक रोज थोडेच मिळतात.

तारखेला भैयाजी मुद्दाम आले आणि पहिल्या बाकावर बसले, मुलाची परीक्षा पाहायला बाप बसतो तसे. मलाही आणि नथ्थूलाही घेऊन आले. बुधरी आली नव्हती. गंज, तांदूळ, कोंबडा, यातलं काही नव्हतं.

साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल?

लालसूनं भैयाजींकडं पाहिलं नाही, नथ्थूकडं पाहिलं नाही. दोन्ही हात मागं बांधून भिंतीकडं पाहत म्हणाला, "नाई साहेब. दिवा लागून होता."

जमादार दचकलाच. एवढ्या वर्षांत त्याला हजारोंनी नाही म्हटलं असेल, पण हे नाही त्याला लागलं. तो पुढं झाला आणि तळमळीनं सांगू लागला, की साहेब, यानंच मला रस्त्यात सांगितलं दिवा नव्हता म्हणून. हा मनुष्य खोटं बोलत नाही साहेब, साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे, तुमच्याच कोर्टात मागं याचं सगळं लिहिलेलं आहे.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, ते म्हणाले. नथ्थूनं मला कोपरानं ढोसलं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तीन वर्षांनी आलं होतं. मग साहेबांनी जमादाराला विचारलं, "हा खोटं बोलत नाही, हे तुमचं म्हणणं?"

"हो साहेब. कधीच नाही."

"आता तो काय म्हणतो?"

जमादारानं वही मिटली. मग साहेबच म्हणाले,

"दिवा होता म्हणतो. सोडून द्या."

बाहेर भैयाजींनी लालसूच्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांना चहा पाजला आणि लगोलग चावी त्याच्या हातात दिली. नथ्थू म्हणाला, पेट्रोलातल्या कचऱ्यापेक्षाही सफाईनं बोललास लेका. लालसू हसला. चहा मात्र त्यानं आमच्याकडं पाठ करून प्यायला.

तेव्हापासून धानोऱ्याच्या मोटारीवर पुन्हा लालसू आहे. हॉर्न अजून फाटलेलाच आहे, टपावर पोती आहेत, पोत्यांवर माणसं आहेत, पुढच्या सीटवर जमादार आहे. शिपायानं अडवलं की लालसू आता मेणकापड सोडत बसत नाही. लायसन वरच्या खिशात असतं, आणि शिपायाचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत तो नाई म्हणून मोकळा होतो. खिडकीशी ड्रायव्हर लोक आता मला कमी विचारतात, त्याला जास्त विचारतात.

मागच्या महिन्यात हिशेबासाठी मी त्याच्याच मोटारीनं धानोऱ्याला गेलो. वळण आलं. मोटार थांबली नाही. दोन म्हाताऱ्यांनी हाताशी धरून ठेवलेल्या डहाळ्या खिडकीतून फेकल्या, त्या वाटेवर पडल्या. धानोऱ्याला उतरल्यावर मी सहज म्हटलं, लालसू, ढिगाजवळ थांबला नाहीस आज. तो चाकाला पाणी मारत होता. म्हणाला, थांबलो तं होतो बाबू. मी स्वतः त्याच्या मागं पहिल्या रांगेत बसून आलो होतो. पण त्यानं हे इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, डोळा लागला असेल.

आणि परवा बुधरी स्टँडवर आली. तिकीट घ्यायचं नव्हतं. सगळ्या उतारूंची तिकिटं होईस्तोवर बाजूला उभी राहिली, मग खिडकीशी आली. म्हणाली, लालसू आता गावात पंगतीत बसते. भूमियाले त्यानं सांगतलं, जमादारानं मले घरी बलावलं, तोच कोंबडा शिजवला होता, आमी दोघं एका पंगतीत जेवलो, मिटलं. गावानं मानलं. गाव त्याचं सगळंच मानतं.

"तुमी शिकले हा, कोर्टकचेरीत जाता," ती म्हणाली. "जेवले काय जी जमादार त्याच्यासंग?"

मी म्हटलं, मला कसं ठाऊक असणार? त्यालाच विचार.

"त्याले इचारलं न बाबू," बुधरी म्हणाली. "तो हो म्हणते. म्हणून तं तुमाले इचारून राह्यली."